जुन्या गाडीतला रेडिओ पुन्हा पुन्हा का बिघडतो? नवा घेण्याआधीच्या तपासण्या, फुकटापासून महागापर्यंत

प्रीमियर पद्मिनी, ॲम्बॅसेडर, मॉरिस मायनर, जुनी जीप. या गाड्यांच्या डॅशबोर्डवर कधी ना कधी कुणीतरी हत्यार चालवलेलं असतं. आधी कॅसेट प्लेअरसाठी पत्रा कापला, मग सीडी प्लेअरसाठी भोक वाढवलं, शेवटी प्लायवूडची फळी ठोकून वर रेक्झिन चढवलं. अशा गाडीत एकच चक्र चालू राहतं: रेडिओ बंद पडतो, नवा येतो, काही महिन्यांत तीच तक्रार उठते आणि तिसरा रेडिओ विकत घेतला जातो. काढून टाकलेला रेडिओ टेबलावर बारा व्होल्टच्या बॅटरीला जोडून पाहिला, तर बहुतेक वेळा तो ठणठणीत वाजतो. दोष रेडिओत नसतो. तो पुरवठ्याच्या वायरीत, अर्थिंगमध्ये, स्पीकरच्या जोडणीत किंवा त्या कापलेल्या भोकात असतो.

म्हणून या कामात नवा रेडिओ निवडणं सगळ्यात शेवटी येतं. खालच्या क्रमात वरच्या तपासण्यांना पैसे लागत नाहीत, पुढच्यांना थोडे लागतात, आणि शेवटच्या काही तुम्ही स्वतः करूच नयेत.

लक्षणं

यातलं एक किंवा अधिक दिसत असेल तर पुढे वाचा:

- सेल्फ मारला की रेडिओ बंद होऊन पुन्हा सुरू होतो. घड्याळ आणि लावून ठेवलेली स्टेशनं पुसली जातात.
- आवाज वाढवला की ढोलकीच्या प्रत्येक थापेला डिस्प्ले मंद होतो, किंवा रेडिओ झटकन बंद पडतो.
- ॲक्सिलरेटरबरोबर चढत-उतरत जाणारी शिट्टी, किंवा इंजिनाच्या तालावर टकटक.
- डिस्प्ले व्यवस्थित, पण आवाज नाही. काही रेडिओ ‘प्रोटेक्ट’ दाखवतात.
- शहरात एफएम लागतं आणि शहराबाहेर दहा-पंधरा किलोमीटरवर खरखर सुरू होते.
- गाडी आठवडाभर उभी राहिली की बॅटरी उतरते.
- खड्ड्यात रेडिओ पुढे सरकतो, डिस्क अडखळते.

आधी दोष कधी येतो ते पाहा

पाच मिनिटांचं काम आहे. रेडिओ चार अवस्थांत ऐका: इंजिन बंद आणि किल्ली चालू, इंजिन आयडलिंगवर, इंजिन थोडं रेस करून, आणि शेवटी हेडलाइट व वायपर लावून. इंजिन बंद असतानाही खरखर असेल, तर इग्निशन आणि डायनॅमोच्या मागे लागण्यात अर्थ नाही. अँटेना किंवा स्पीकर तपासा. आयडलिंगवर रेडिओ बंद पडतो आणि रेस केल्यावर नीट चालतो, तर व्होल्टेज कमी पडतं आहे. फक्त वायपर किंवा हॉर्नच्या वेळी त्रास होत असेल, तर बहुतेक अर्थिंग सामायिक आणि खराब आहे. हे चार निकाल कागदावर लिहून ठेवा. पुढची अर्धी मेहनत वाचते.

मोबाईल ऑक्स वायरीने जोडून त्याच वेळी लायटरच्या सॉकेटमधून चार्ज करत असाल, तर चार्जर उपटून पाहा. शिट्टी थांबली तर दोष गाडीत नाही. मोबाईलला चार्जरमधून एक अर्थ मिळतो आणि ऑक्समधून दुसरा, त्या दोघांतल्या फरकातून शिट्टी येते. ब्लूटूथ वापरा, किंवा ऑक्सच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर (दोन अर्थ एकमेकांपासून वेगळे ठेवणारा छोटा भाग) घाला.

स्टेशनं लागत नसतील तर सेटिंगमधला ‘रीजन’ बघा. परदेशातून आलेला रेडिओ अमेरिकेच्या सेटिंगवर असेल, तर एफएममध्ये तो ०.२ मेगाहर्ट्झच्या उड्या मारतो आणि दशांशानंतर फक्त विषम आकड्यांवर थांबतो. १०४.० सारखं स्टेशन त्याला सापडतच नाही. मध्यम लहरींवर अमेरिकेत १० किलोहर्ट्झची पायरी असते, आपल्याकडे ९ ची. आकाशवाणी पुणे ७९२ वर आहे, म्हणजे नवाच्या पाढ्यात. दहाच्या पायरीवर रेडिओ ७९० किंवा ८०० वर थांबणार आणि तुम्ही अँटेनाला दोष देणार. जपानमधल्या जुन्या गाड्यांतून काढलेल्या रेडिओचं दुखणं वेगळं आहे. त्यांचं एफएम ७६ मेगाहर्ट्झला सुरू होऊन ९० वर संपतं आणि आपली बहुतेक स्टेशनं त्यापुढे असतात. जुन्या बाजारात असा रेडिओ कितीही स्वस्त आणि देखणा मिळाला तरी घेऊ नका.

फ्यूज आणि त्याची क्लिप

पद्मिनीत फियाट पद्धतीचे, दोन्ही टोकांना टोकदार असलेले फ्यूज असतात. फ्यूज जळलेला नसतो, तरी टोक आणि पितळी क्लिप यांच्यामध्ये गंज साचून वीज अडखळते. पावसाळ्यानंतर हे हमखास होतं. फ्यूज क्लिपमध्ये दोन-चार वेळा फिरवा आणि फरक पडतो का पाहा. फरक पडला तर फ्यूज काढून टोकं व क्लिप बारीक पॉलिश पेपरने घासा, क्लिप पक्कडीने किंचित आवळा. एवढ्यावरच बऱ्याच गाड्यांची तक्रार संपते.

ॲम्बॅसेडर आणि इतर ब्रिटिश घाटाच्या गाड्यांत काचेचा फ्यूज ३५ अँपिअरचा असतो. ल्युकास या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीत ३५ हा वितळण्याचा आकडा आहे. सतत वाहण्याची मर्यादा साधारण १७. रेडिओच्या बारीक वायरीचं रक्षण हा फ्यूज करू शकत नाही, त्याआधी वायरच जळते. म्हणून रेडिओसाठी वेगळा इनलाइन फ्यूज हवाच. रेडिओच्या मागे जेवढा लिहिला असेल तेवढाच, सहसा १० किंवा १५ अँपिअर. जळालेल्या फ्यूजवर तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळलेला दिसला तर तिथेच थांबा आणि आधी फ्यूज का जळत होता ते शोधा.

व्होल्टेज मोजा, तेही रेडिओ वाजत असताना

इथून पुढे साधा डिजिटल मल्टिमीटर लागेल. नुसतं व्होल्टेज आहे की नाही हे टेस्ट लॅम्पने कळतं, पण इथे अर्ध्या व्होल्टचा फरक पकडायचा आहे.

आधी बॅटरीच्या खांबांवर मोजा. गाडी काही तास उभी असेल तर पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी. मग रेडिओ चांगल्या मोठ्या आवाजात लावून त्याच्या मागच्या प्लगवर पिवळ्या आणि काळ्या वायरीत मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी दिसलं, तर मध्ये कुठेतरी वीज अडते आहे. रेडिओ बंद ठेवून मोजलं तर आकडा बरोबर येतो आणि फसवतो, कारण वीज वाहत नसेल तर खराब जोडावर व्होल्टेज पडतच नाही.

आता कुठे अडतं ते शोधा. मीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि लाल टोक रेडिओच्या धातूच्या पेटीवर ठेवा, रेडिओ वाजता राहू द्या. ०.१ व्होल्टपर्यंत ठीक. ०.३ किंवा ०.५ आलं तर अर्थिंग खराब आहे. या गाड्यांमध्ये मला सर्वात जास्त वेळा सापडणारा दोष हाच. कारण उघड आहे: रेडिओची काळी वायर डॅशबोर्डच्या एखाद्या स्क्रूखाली दाबलेली असते, त्या पत्र्यावर रंगाचे तीन थर असतात, आणि फळी लावलेल्या डॅशबोर्डचा तर बॉडीशी संबंधच उरलेला नसतो. मग रेडिओ आपली अर्थ अँटेनाच्या वायरीच्या जाळीतून शोधतो. तिथून खरखर येते, आणि जास्त आवाजाला जाळी गरम होते.

उपाय साधा आहे. २.५ चौरस मिलीमीटरची वायर, टोकाला पक्की दाबलेली लग (बोल्टखाली बसणारी धातूची कडी), आणि फायरवॉलवरचा (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीवरचा) किंवा दरवाज्याजवळच्या खांबावरचा जाड पत्र्यातला बोल्ट. रंग खरवडून चकचकीत धातू काढा, दातेरी वॉशर घाला, आवळा, वर थोडं ग्रीस लावा. शंका असेल तर काळी वायर सरळ बॅटरीपर्यंत न्या. त्याच वेळी बॅटरी ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी या वेणीच्या पट्ट्याही पाहा, कारण त्या कुजल्या असतील तर सेल्फ मारताना इंजिन स्पीडोमीटरच्या किंवा चोकच्या केबलमधून अर्थ घेतं.

सेल्फ मारताना बॅटरीवरचं व्होल्टेज ९.५ च्या आसपास उतरणं सामान्य आहे. बहुतेक नवे रेडिओ साधारण १०.८ ते ११ व्होल्टखाली बंद होतात. म्हणजे सेल्फच्या वेळी रेडिओ क्षणभर जाणं हा दोष नाही. घड्याळ आणि स्टेशनं पुसली गेली, तर मात्र पुढची तपासणी करा.

पिवळी आणि लाल

आजच्या रेडिओला दोन पॉझिटिव्ह वायरी लागतात. पिवळी कायम चालू हवी. स्मृती आणि घड्याळ तिच्यावर चालतं, आणि बहुतेक रेडिओंत मुख्य ताकदही तिच्यातूनच येते. लाल किल्लीबरोबर चालू-बंद व्हायला हवी. जुन्या गाडीत कॅसेट प्लेअरसाठी एकच वायर आलेली असते. मेकॅनिक दोन्ही तिलाच जोडतो. ती किल्लीवरची असेल तर स्मृती रोज पुसते. कायमची असेल तर रेडिओ झोपतच नाही आणि बॅटरी उतरते.

दुसरी खोच: या गाड्यांच्या किल्लीला अनेकदा ॲक्सेसरीची पायरी नसते. किल्ली चालू म्हणजे इग्निशन चालू. इंजिन बंद ठेवून गाणी ऐकत बसलात आणि डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट (स्पार्कसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) मिटलेल्या स्थितीत असले, तर इग्निशन कॉइलमधून सतत तीन-चार अँपिअर वाहत राहतात. कॉइल तापते, पॉइंट करपतात. म्हणून लाल वायर किल्लीवर न नेता वेगळ्या छोट्या स्विचवर घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. स्विच डॅशबोर्डखाली, हाताला लागेल पण दिसणार नाही असा बसवा. बंद करायला विसरण्याचा धोका आहे, पण तो करपलेल्या कॉइलपेक्षा स्वस्त आहे.

पिवळी वायर शक्यतो बॅटरीपासून स्वतंत्र आणा. २.५ चौरस मिलीमीटर, बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज, आणि फायरवॉलमधून जाताना रबरी ग्रोमेट. ग्रोमेट नसेल तर पत्र्याची कड कालांतराने वायर कापते. गाडीत अँपिअर मीटर असेल, तर थेट बॅटरीवरून घेतलेल्या रेडिओचा वापर त्यावर ‘चार्ज’ बाजूला दिसेल. ते बिघाडाचं लक्षण नाही.

बॅटरी उतरत असेल तर गळती मोजा. सगळं बंद करा, दरवाजे मिटवा, बॅटरीची बॉडीला जाणारी वायर सोडवून मधे मीटर दहा अँपिअरच्या रेंजवर लावा. मीटर जोडलेला असताना किल्ली फिरवू नका, सेल्फच्या करंटने मीटर जळेल. चांगला रेडिओ झोपेत काही मिलिअँपिअरच घेतो. ५० मिलिअँपिअर दिसले तर महिन्याला ३६ अँपिअर-तास जातात, म्हणजे पद्मिनीच्या ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीचा सगळा साठा. स्वस्त ॲण्ड्रॉइड स्क्रीन इथेच नापास होतात. त्या पूर्ण झोपत नाहीत.

स्पीकर: नवा रेडिओ इथेच मरतो

ही तपासणी टाळू नका. जुन्या रेडिओत स्पीकरची एक वायर रेडिओकडे आणि दुसरी सरळ बॉडीला असायची. त्या काळच्या सर्किटला ते चालत होतं. आजच्या रेडिओत प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही वायरींवर साधारण सहा व्होल्ट असतात आणि दोन्हींमधून आवाज ढकलला जातो. त्यातली एक बॉडीला लागली की आउटपुट आयसी (स्पीकरला ताकद देणारी चिप) शॉर्ट होते. नशीब असेल तर रेडिओ ‘प्रोटेक्ट’ दाखवतो, नसेल तर आयसी कायमची जाते. ‘नवा रेडिओ तीन महिन्यांत गेला’ या तक्रारीमागे फार वेळा हीच एक वायर असते.

रेडिओचा प्लग पूर्ण काढून मोजा. प्रत्येक स्पीकरच्या दोन वायरींत ४ ओमच्या स्पीकरला ३ ते ४ ओम दिसायला हवेत. मग प्रत्येक वायर आणि बॉडी यांच्यात मोजा; काहीच दिसता कामा नये. थोडे ओम दिसले तर वायर कुठेतरी बॉडीला लागली आहे: दरवाज्याच्या बिजागरीजवळ, मागच्या ट्रेखाली, किंवा स्पीकरच्या स्क्रूखाली चेपलेली. दीड व्होल्टचा सेल वायरींना क्षणभर टेकवला की ‘टक’ आवाज येतो आणि कोन बाहेर सरकतो. त्यावरून कोणता स्पीकर कुठला आणि त्याची पॉझिटिव्ह बाजू कोणती ते कळतं.

दोन ४ ओमचे स्पीकर एकाच वाहिनीवर समांतर जोडले तर भार २ ओम होतो. बहुतेक रेडिओंना ४ पेक्षा कमी चालत नाही. जोडायचेच असतील तर एकामागे एक जोडा. डॅशबोर्डच्या मधोमध एकच स्पीकर असेल, तर डावी-उजवी बाजू एकत्र गुंडाळू नका. त्यासाठी दोन कॉइलचा स्पीकर मिळतो, एक कॉइल डाव्या वाहिनीला, दुसरी उजव्या. रंगांचा नेम लक्षात ठेवा: पांढरी पुढची डावी, करडी पुढची उजवी, हिरवी मागची डावी, जांभळी मागची उजवी. काळ्या रेघेची ती निगेटिव्ह. न वापरलेल्या वायरींची टोकं एकेक वेगळी स्लीव्हमध्ये बंद करा. सगळ्या एका काळ्या टेपच्या गाठीत बांधलेल्या दिसतात, आणि उन्हात तापून टेपचा डिंक सुटला की त्या एकमेकींना लागतात.

अँटेना

प्लग काढून तीन मापं घ्या. दांडीच्या टोकापासून प्लगच्या मधल्या पिनेपर्यंत जोड हवा. मधली पिन आणि बाहेरची कडी यांच्यात जोड नको. बाहेरची कडी आणि बॉडी यांच्यात एक ओमपेक्षा कमी हवं. तिसऱ्यात बहुतेक गाड्या नापास होतात, कारण मडगार्डवर अँटेनाच्या बुडाखाली रंग आणि गंज असतो. खालून खरवडा, पुन्हा बसवा, वर सिलिकॉन लावून पाणी बंद करा.

एफएमसाठी दांडीची लांबी साधारण ७५ सेंटीमीटर असावी. १०० मेगाहर्ट्झच्या लहरीचा तो चतुर्थांश आहे. वीतभर रबरी अँटेना दिसायला बरी असते, पण घाटात तिचा उपयोग नाही. काचेवर चिकटवायच्या ॲम्प्लिफायरवाल्या अँटेनाला निळ्या वायरीतून बारा व्होल्ट लागतात. ती वायर जोडली नाही तर ती साध्या अँटेनाहून वाईट चालते.

शिट्टी आणि टकटक

अँटेनाचा प्लग काढा. टकटक थांबली तर ती हवेतून येते आहे. स्पार्क प्लगच्या वायरी नुसत्या तांब्याच्या आहेत का पाहा. ५ किलोओम रेझिस्टरच्या प्लग-टोप्या लावल्या की मोठा फरक पडतो. बॉनेट आणि बॉडी यांच्यात वेणीची पट्टी नसेल तर लावा. अर्थ नसलेलं बॉनेट इग्निशनच्या खरखरीला अडवत नाही, उलट पसरवतं.

अँटेना काढूनही आवाज राहिला तर तो पुरवठ्यातून येतो आहे. खात्रीसाठी रेडिओच्या पिवळ्या, लाल आणि काळ्या वायरींना दुसऱ्या बॅटरीवरून वीज द्या. शिट्टी गेली तर निदान पक्कं. मग कंडेन्सर: १ मायक्रोफॅरडचा एक कॉइलच्या किल्लीकडच्या टोकावर, दुसरा डायनॅमोच्या मोठ्या, आउटपुटच्या टोकावर. कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकावर लावलात तर स्पार्क कमजोर होऊन इंजिन मिसिंग करेल. डायनॅमोच्या ‘एफ’ (फील्ड) टोकावर तर कधीच नको. व्होल्टेज रेग्युलेटरचे पॉइंट जळतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत हे सुटे भाग मिळतात. रेडिओच्या पिवळ्या वायरीत घालायचा १० अँपिअरचा चोक फिल्टर (पुरवठ्यातली खरखर अडवणारी तारेची गुंडाळी) हा शेवटचा उपाय. अर्थिंग खराब असताना तो लावून काही होत नाही.

डायनॅमोचा हिशेब

ल्युकास सी-४० जातीचा डायनॅमो पूर्ण वेगात सुमारे २२ अँपिअर देतो, आयडलिंगला जवळजवळ शून्य. पावसाळ्याच्या रात्री ४५ वॉटचे दोन हेडलाइट साडेसात, बाकीचे दिवे दोन-अडीच, कॉइल तीन-चार, वायपर दोन-तीन अँपिअर. सोळाच्या आसपास तिथेच गेले. उरलेल्यात रेडिओ आरामात चालतो, ॲम्प्लिफायर आणि सबवूफर नाही. सिग्नलला उभं राहिल्यावर तर सगळं ओझं बॅटरीवर येतं. तुमची तक्रार फक्त रात्री, फक्त वाहतुकीच्या कोंडीत येत असेल, तर कोणताही नवा रेडिओ ती सोडवणार नाही.

इथे थांबा, ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवा

बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब बॉडीला जोडलेला दिसला तर एकही वायर जोडू नका. मॉरिस मायनर आणि मॉरिस ऑक्सफर्ड पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या, आणि ऑक्सफर्डवरूनच आलेल्या जुन्या ॲम्बॅसेडरमध्येही हे आधी पाहावं. आजच्या रेडिओची पेटी निगेटिव्ह असते. ती आणि अँटेनाची जाळी पॉझिटिव्ह बॉडीला लागली की थेट शॉर्ट. गाडी निगेटिव्ह अर्थवर नेता येते, पण डायनॅमोची ध्रुवता पुन्हा बसवणं, कॉइलच्या वायरी आणि अँपिअर मीटर उलटवणं हे जाणत्याचं काम आहे. दुसरा मार्ग आयसोलेटेड कन्व्हर्टरचा, म्हणजे रेडिओची वीज गाडीच्या अर्थपासून वेगळी ठेवणाऱ्या यंत्राचा.

सहा व्होल्टच्या गाडीतही तसंच. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच फोक्सवॅगन बीटल आणि जुन्या जीप सहा व्होल्टच्या असतात. सहाचे बारा करणारा कन्व्हर्टर लागतो, आणि बारा व्होल्टला पाच अँपिअर हवे असतील तर सहाच्या बाजूला दहाहून अधिक ओढले जातात. जुनी वायरिंग ते सोसेल का, हे डोळ्यांनी पाहून ठरवणाऱ्याला विचारा.

कापडी किंवा जुन्या प्लास्टिकच्या वायरी वाकवताच आवरण तुकडे होऊन पडत असेल, जळका वास येत असेल, नवा फ्यूज लगेच जळत असेल, किंवा रेस केल्यावर बॅटरीवर १५ व्होल्टच्या वर जात असेल, तर बॅटरीची बॉडीकडची वायर सोडवून ठेवा आणि काम थांबवा. आणि डॅशबोर्डच्या पत्र्याला नवा काप किंवा वेल्डिंग करायचं असेल तर ते डेंटरकडेच. कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी येणं थांबून दोन दशकं उलटली. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत ती टॅक्सी म्हणूनही दिसत नाही. कापलेला पत्रा परत मिळवणं दर वर्षी अवघड होत जाणार आहे.

आता रेडिओ निवडा

वरचं सगळं स्वच्छ निघालं, आणि टेबलावरही जुना रेडिओ वाजत नसेल, तरच.

भोकापासून सुरुवात करा. सिंगल-डिन (गाडीच्या रेडिओचं ठरलेलं एकेरी माप) रेडिओच्या पिंजऱ्याला, म्हणजे रेडिओ ज्यात सरकतो त्या पत्र्याच्या चौकटीला, १८२ बाय ५३ मिलीमीटरची खिडकी लागते. डबल-डिनची उंची साधारण दुप्पट, १०० च्या वर. कापलेलं भोक चारही कोपऱ्यांत मोजा, कारण हाताने कापलेलं भोक चौकोनी नसतं. ३-४ मिलीमीटर मोठं असेल तर पिंजऱ्याच्या जिभा पत्र्याला धरत नाहीत आणि खड्ड्यात रेडिओ बाहेर येतो. रेक्झिनचा थर देऊ नका. दोन मिलीमीटर ॲल्युमिनियमच्या पट्टीत नेमकी खिडकी कापून ती मागून बसवा. कापलेल्या कडा कानशीने घासून रेड ऑक्साइड लावा.

खोली त्याहून महत्त्वाची. डिस्क किंवा कॅसेट घेणारा रेडिओ १६० ते १८० मिलीमीटर खोल असतो, मागे प्लग आणि अँटेनासाठी आणखी ४०-५० हवेत. यंत्रणा नसलेला, फक्त यूएसबी-ब्लूटूथचा रेडिओ १०० च्या आसपास संपतो. विकत घेण्याआधी १८० बाय ५० चा, हव्या त्या खोलीचा थर्माकोलचा ठोकळा कापून भोकात सरकवा. चोकची केबल, स्पीडोमीटरची केबल, वायपरची जोडणी यांपैकी कशाला तो अडतो ते लगेच कळतं. बसल्यावर चोक पूर्ण ओढून आणि वायपर चालवून पाहा.

माझं स्पष्ट मत: या गाड्यांसाठी यंत्रणा नसलेला सिंगल-डिन रेडिओ घ्या. हलका, उथळ, कमी तापणारा, आणि डॅशबोर्डच्या तिरप्या कोनाची त्याला पर्वा नसते. डिस्कच्या यंत्रणेला सहसा ३० अंशांहून जास्त तिरकस चालत नाही. खोक्यावरचे ‘४ x ५०’ वॉट विसरा. प्रत्यक्षात सतत मिळतात ते वाहिनीमागे १८ ते २२, आणि बंद काचांच्या पद्मिनीला तेवढे पुरतात. मध्यम लहरी ऐकायच्या असतील तर एएम आहे का ते आवर्जून विचारा, बऱ्याच नव्या रेडिओंतून ते काढून टाकलं आहे. आणि रीजन बदलता येतो का तेही.

पत्रा अजून कापलेला नसेल आणि दोन नॉबची जुनी भोकं शाबूत असतील, तर ती तशीच ठेवा. रेट्रोसाउंडच्या रेडिओंचे दोन दांडे सरकवून जुन्या भोकांच्या अंतराला जुळवता येतात. डिनचं भोक आधीच असेल आणि निळा-लाल झगमगाट नको असेल, तर ब्लाउपुंक्टचा ब्रेमेन एसक्यूआर ४६ किंवा कॉन्टिनेन्टलचा टीआर ७४१२ हे जुन्या चेहऱ्याचे पण आतून नवे सिंगल-डिन रेडिओ आहेत. मूळ रेडिओ जपायचा असेल तर तो जागेवर राहू द्या आणि छोटा ब्लूटूथ ॲम्प्लिफायर सीटखाली किंवा ग्लोव्ह बॉक्समध्ये लपवा. मग स्पीकरच्या वायरी पूर्णपणे नव्या ओढा, जुन्या रेडिओची अर्थवाली जोडणी त्यात मिसळू नका.

बसवताना मागचा स्टड (रेडिओच्या पाठीवरचा बोल्ट) रिकामा सोडू नका. भोकं पाडलेली पत्र्याची पट्टी स्टडपासून फायरवॉलपर्यंत न्या. पुढून फक्त पातळ पत्र्यावर लटकलेला रेडिओ तो पत्रा रोज थोडा थोडा वाकवतो, आणि वर्षभरात भोक पुन्हा मोठं होतं. शेवटी विंडस्क्रीनच्या रबरावर पाण्याची बादली ओतून डॅशबोर्डखाली टॉर्च मारा. थेंब दिसला तर रबर बदलेपर्यंत रेडिओ बसवू नका.